कवीसरांच्या ताटातला भात

कवीसरांच्या स्मरणिकेच्या संपादक बाईंचा फोन आला. "मॅडम, लेख छानच झालाय, पण थोडा सौम्य करता आला तर बघा ना," म्हणाल्या. मी विचारलं, नेमका कुठे सौम्य करू? तर म्हणाल्या, "तसा सगळीकडेच." मी म्हटलं, मग परत पाठवा. त्यांनी पाठवला, आणि सोबत एक हसरा चेहराही पाठवला. तोच लेख माझ्या आठवणींच्या या प्रकरणात घालते आहे, आणि तेव्हा लाजेकाजेस्तव जे गाळलं होतं तेही घालते आहे. आयुष्यभर मराठी शिकवलं, पोरांना कवितेचा रसास्वाद घ्यायला लावला. आता सत्तरीकडे झुकल्यावर तरी मला चारचौघांत रागवायची मुभा असावी.

झालंय असं, की नाशकात आमच्या कॉलनीजवळ कवीसरांच्या नावाचं उद्यान झालं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. फाटकावर हातभर अक्षरांत आहे, ज्याला हवं त्यानं तिथे जाऊन वाचावं. आत शिरलं की कारंज्याच्या जागी एक सिमेंटचं झाड आहे, फांद्या छाटलेलं. छाटलेल्या टोकांतून नळीचं पाणी ठिबकत राहतं, म्हणजे झाड रडतंय. खाली संगमरवरी पाटीवर सरांच्या त्या प्रसिद्ध कवितेच्या ओळी. लोक पोराबाळांना घेऊन येतात, रडणाऱ्या झाडापुढे उभं करून फोटो काढतात आणि बाहेर येऊन भेळ खातात. डॉक्टरांनी मला रक्तदाबासाठी रोज फिरायला सांगितलंय. माझा रस्ता नेमका त्या फाटकावरून जातो आणि रोज माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. रस्ता बदलावा असं दर सकाळी ठरवते, आणि पाय त्याच बाजूला वळतात.

कारण ते झाड मला माहीत आहे. ते ऐनाचं आहे, घोटीचं आहे, आणि ते माझ्या मामांच्या माळावर होतं.

मामा म्हणजे आत्याचे यजमान. आमचं माहेर निफाडकडचं. घरात आम्ही मुली चार आणि एक भाऊ, आणि आत्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून चौघींतली एक उचलून आत्याच्या पदरात टाकली. ती मी. कोणी मला विचारलं नाही, आणि आज विचारलं तर मी म्हणेन, बरं केलंत. आत्याचं घर घोटीच्या बाजारपेठेच्या टोकाला होतं आणि घराला लागूनच मामांची भाताची गिरणी. सुगीत ती गिरणी सकाळपासून धडधडायची, इतकी की फळीवरची भांडी आपली आपण सरकायची आणि आत्या येता-जाता ती मागे ढकलायची. सगळ्या घराला कोंड्याचा वास. वेणी सोडली की केसांतून तूस पडायचं. सबंध घर गिरणीच्या आवाजावर मोठ्यानं बोलायला शिकलेलं होतं, आणि आत्या तर गिरणी बंद असतानाही तशीच बोलायची. तिच्या तोंडाला सगळी पेठ वचकून असे. भाजीवाली दारात आली की आधी तिच्या भाजीचा उद्धार, मग तिच्या नवऱ्याचा, आणि मग, "बस मेले, उन्हाचं फिरतेस, दोन घास खाऊन जा." शिवी आणि ताट ती एकदमच वाढायची. ताटात नव्या तांदळाचा वाफाळता भात, त्यावर हुलग्याचं पिठलं, लसणाची चटणी, आणि थंडीत चुलीतून उतरलेली नागलीची भाकरी. तो आंबेमोहोर शिजायला लागला की रस्त्यावरची माणसं दाराशी रेंगाळायची. आता नाशकात मी कितीही महागाचा तांदूळ आणला तरी तो वास येत नाही, आणि दुकानदार मला सांगतो की आजी, तुमचं नाक गेलं.

कवीसर त्याच घरात पुढच्या खोलीत भाड्यानं राहत आणि दोन्ही वेळ आमच्याकडेच जेवत. आमच्या शाळेत मराठी शिकवत. एकटेच होते. हे आधीच लिहून ठेवते, की मला सर फार आवडायचे. शाळेतले बाकीचे मास्तर रुळानं हात लाल करायचे; सरांनी कधी कोणाला टपलीसुद्धा मारली नाही. वाटेत मुंग्यांची रांग लागली तर ते थांबायचे, आणि ती संपेपर्यंत मागे आमचा सगळा वर्ग थांबायचा. गिरणीपाशी एक खरजुलं कुत्रं होतं, त्याची जखम ते रोज हळदीच्या पाण्यानं धुवायचे. मला ते 'सुमनताई' म्हणायचे. तोवर मला सगळे सुमे म्हणत. कविता म्हणजे काय ते मला त्यांनीच दाखवलं. पुढे ज्या मराठीवर माझी भाकरी निघाली ती मराठी त्यांची आहे. म्हणून तर राग गिळता येत नाही. परक्या माणसाचा राग माणूस केव्हाच विसरून जातो.

सर जेवताना बोलत. हळू, एकेक शब्द निवडून. "वहिनी, करुणा शिकायची तर झाडाकडे बघावं. झाड देतं आणि मागत काहीच नाही." आत्या भात वाढता वाढता म्हणायची, "मागत नाय कसं? पाणी मागतं, शेण मागतं. घागरी वाहिल्याव कळतं." सर हसायचे आणि म्हणायचे, "तुमच्या बोलण्यात केवढं काव्य आहे!" आत्याला त्याचा फार संताप यायचा. आपण भांडतोय आणि समोरचा त्याला काव्य म्हणतोय, म्हणून ती पळी पातेल्यावर आपटायची.

आणि हौसा. हौसा माझ्या बाकावर बसायची. पेठेच्या मागे मामांचा माळ चढून गेला की पलीकडे डोंगराच्या कुशीत तिची वाडी. तिथून ती रोज उतरून शाळेला यायची, मधल्या सुट्टीत माझ्याबरोबर आत्याकडे जेवायची. वाडीतली शाळेत एवढी टिकलेली ती एकटीच मुलगी. गणितात माझ्यापुढे, मराठीत माझ्या बरोबरीनं, आणि आवाज असा की ती वाचायला उठली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा खुसखुस थांबवायची. तिचे वडील, सोमाबाबा, बाजाराला आले की शाळेच्या खिडकीशी उभे राहायचे, लेक दिसली की लगेच निघून जायचे. हौसानं दहावी व्हायचं आणि मास्तरीण व्हायचं असं त्यांनी ठरवलं होतं. आत्यानंही ठरवलं होतं. ती हौसाला म्हणायची, "नापास झालीस तर तंगडी मोडीन."

आता राब काय ते सांगायला हवं, कारण उद्यानात फोटो काढणाऱ्यांपैकी कोणालाही ते माहीत नाही. आमच्या त्या भागात भाताचं रोप करायचं तर आधी वाफा भाजतात. थंडीत ऐनाची टहाळ तोडायची, म्हणजे पानांसकट बारीक फांद्या. ती वाळवून शेण-पाल्याबरोबर वाफ्यावर पसरायची, वर मातीचा थर द्यायचा आणि पावसाआधी पेटवायची. तणाचं बी जळतं, राख मुरते, आणि त्या काळ्या वाफ्यातून रोप तरारून उठतं. हाच राब. टहाळ तोडलेला ऐन बोडका दिसतो खरा, पण पाऊस पडला की पुन्हा फुटतो. मामांच्या माळावरचे ऐन वाडीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या अशीच तोडत आली होती, आणि बदल्यात भाताच्या लावणीला मामांच्या खाचरांत कामाला येत होती. त्याचा कधी कागद झाला नव्हता. वाडीजवळ दुसरीकडे रान होतं ते वनखात्याचं, तिथे झाडाला हात लावायची सोय नव्हती. होता तो मामांचाच माळ.

सर घाटाखालच्या शहरातून आलेले. त्या थंडीत फिरायला म्हणून माळावर गेले आणि नुकतेच तोडलेले पहिले दोन-चार ऐन बघून डोळे भरून परत आले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कविता झाली होती. पुढे ती सगळ्या महाराष्ट्राला पाठ झाली:

हात छाटिले तुझे तरीही मूक उभा तू रानी,
कुणी न पुसले, कुणी न टिपले तुझ्या उरीचे पाणी.

शाळेच्या स्नेहसंमेलनात ही कविता म्हणायची ठरली, आणि म्हणणार कोण, तर हौसा. सर आमच्या अंगणातच तिची तालीम घ्यायचे. "इथे थांबायचं. श्वास घ्यायचा. 'उरीचे' वर आवाज खाली आणायचा, रडका नाही करायचा." हौसा तसं करायची, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आत्या ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत बसलेली असे. एकदा ती तिथूनच ओरडली, "अगं हौसे, तुझा बाप वर कोयता घेऊन चढलाय आन् तू हितं कुनासाठी गळा काढतीस?"

हौसा हसली. म्हणाली, "आत्याबाई, हे कवितेतलं झाड हाय. आपलं नाय."

तिला खरंच तसं वाटत होतं, आणि मलाही. पुस्तकातली नदी कधी आपल्या गावची नसते, पुस्तकातला राजा कधी आपल्या बाजाराला येत नाही, तसंच पुस्तकातलं झाड. कवितेला कोणी खरं धरेल आणि त्यावरून वागेल, असं आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. पुढे मी वर्गावर्गांत मुलांना सांगत आले की कवितेतून जीवनदृष्टी मिळते, आणि दर वेळी हे वाक्य फळ्यावर लिहिताना खडू तुटायचा. मी तो जोरात दाबायचे.

संमेलनाला सगळी पेठ लोटली होती. मामा प्रमुख पाहुणे, गळ्यात झेंडूचा हार. सोमाबाबा वाडीतल्या दोघा-तिघांना घेऊन आले होते आणि सगळ्यांत मागे जमिनीवर बसले होते. हौसा माझं निळं परकर-पोलकं घालून उभी राहिली. तिनं पहिली ओळ म्हटली आणि मांडवात शेंगा सोलण्याचा आवाजसुद्धा थांबला. मला तो आवाज आजही जसाच्या तसा ऐकू येतो. 'उरीचे पाणी' ला तिनं आवाज खाली आणला, सरांनी शिकवलं होतं तसा, आणि पुढे बसलेले मामा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. भाताच्या पोत्याला हात लावून ओल सांगणारा, कोणाला एक पायली उधार न सोडणारा माणूस रडत होता. कविता संपली तसे ते उठले आणि माइकपाशी गेले. "सरांनी माझे डोळे उघडले," म्हणाले. "आजपासून माझ्या माळावरच्या एकाही ऐनाला कोयता लागणार नाही. हा माझा शब्द आहे."

टाळ्या पडल्या. कितीतरी वेळ पडल्या. सरांनी मामांना मिठी मारली. हौसा मधोमध उभी राहून दोघांकडे बघत होती. मी वळून मागे पाहिलं, तर सोमाबाबाही टाळ्या वाजवत होते. लेकीसाठी वाजवत होते. मामा काय बोलले ते त्यांच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. मग शेजारच्यानं त्यांच्या कानात सांगितलं, आणि त्यांचे हात तसेच जोडलेले राहिले.

मामांचा शब्द म्हणजे मामांची पत. त्या दिवसापासून पेठेत जो तो त्यांना नमस्कार करून 'वृक्षमित्र' म्हणायला लागला, आणि मामा तो नमस्कार मान तिरकी करून घ्यायला लागले. सोमाबाबा दोनदा गिरणीवर आले. आधी त्यांना वाटलं होतं की मामा बोलायचं म्हणून बोलले असतील. दुसऱ्यांदा आले तेव्हा मी तिथेच होते. "मालक, अवंदाच्याला तेवढं तोडू द्या. राब कशानं भाजू? पुढल्या साली काय तरी बघतो." मामा गिरणीच्या पट्ट्याकडे बघत म्हणाले, "सोमा, चारचौघांत शब्द गेलाय. आता मागं घेतला तर मी तोंड कुठं दाखवू?" सोमाबाबा म्हणाले, "आन् मी कुठं दाखवू?" पण गिरणी चालू होती, आणि ते मामांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल.

घरात आत्यानं त्या दिवशी भांडी आपटली. "शब्द तुमचा, आन् जीव दुसऱ्याचा! त्या पोरीच्या तोंडून वदवून घेतलंत!" मामा म्हणाले, "तुला नाही कळायचं, हा भूतदयेचा प्रश्न आहे." तो शब्द त्यांनी सरांकडून नवाच उचलला होता. आत्या ताडकन उठून चुलीकडे गेली, आणि ती अशी उठली की घरातल्या मांजरीसुद्धा बाहेर जात.

दुपारी सर जेवायला बसले. आत्यानं भाकरी वाढली, पिठलं वाढलं, चटणी वाढली. मामांच्या ताटात भाताची मूद पडली, माझ्या ताटात पडली, आणि सरांचं ताट ओलांडून पातेलं परत चुलीकडे गेलं. सरांना वाटलं, विसरली. "वहिनी, थोडा भात..."

"नाय," आत्या म्हणाली.

"संपला का?"

"पातेलंभर हाय. तुमाला नाय. भात राबातून येतो, गुरुजी. तुमाला राब चालत नाय, तर भात बी चालायचा नाय. हितं राहा, भाकरी हवी तेवढी खा. पण माझ्या घरात तुमच्या ताटात शीत पडायचं नाय."

मामांचा चेहरा काळवंडला. "अगं, पाहुण्या माणसाला..." आत्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचं वाक्य भाताबरोबर गिळलं. मला वाटलं, आता सरांना कळेल. मी घास हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला इतकं हवं होतं की त्यांना कळावं. सरांचे डोळे पाणावले, आणि ते म्हणाले, "वहिनी, तुमचा राग मी प्रसाद म्हणून घेतो." आणि भाकरी मोडून खायला लागले. पुढच्या आठवड्यात त्यांनी भाकरीवर कविता लिहिली. तीही चांगली होती! मी काय करू, चांगली होती.

आत्यानं मात्र शब्द पाळला. सर आमच्याकडे होते तोवर रोज दोन वेळा पातेलं त्यांचं ताट ओलांडून गेलं. सणाला नाही, अमावस्येला नाही, ते तापानं आठवडाभर पडले तेव्हाही नाही. तेव्हा तिनं त्यांना रात्रंदिवस उशाशी बसून नागलीची आंबील पाजली, शिव्या देत पाजली, पण भाताची पेज दिली नाही. लोक म्हणायचे, बाई खुनशी आहे. असेल. आजही मला कोणी सांगितलं की राग वाईट, त्यानं माणूस आंधळा होतो, तर मला ते चुलीपाशी फिरणारं पातेलं आठवतं. त्या घरात त्या दिवसांत काय चाललंय हे एवढ्या एका पातेल्यालाच दिसत होतं.

सोमाबाबांनी शेण, पेंढा, गवत, मिळेल ते वाफ्यावर टाकून राब भाजला. ते भुरुभुरु जळून गेलं. पाऊस लागल्यावर वाफ्यात रोपापेक्षा तण वर आलं. हौसा त्या दिवसांत शाळेत यायची ती हातांना गवताचे हिरवे डाग घेऊन. सगळं घर दिवसभर वाफ्यात बसून तण उपटत होतं. रोप पिवळं, बोटभर. वाडीची निम्मी खाचरं तशीच पाण्यानं भरून राहिली. आम्ही दहावीत गेलो होतो. सर वर्गात निसर्गकवितेचे विशेष सांगत होते आणि हौसा ते उतरवून घेत होती, मोत्यासारख्या अक्षरात, पूर्ण विश्वासानं. मला तेव्हा पहिल्यांदा तिचाच राग आला. तू का उठून बोलत नाहीस, म्हणून. मधल्या सुट्टीत मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "काय बोलू? सर वाईट हायेत का?"

दसऱ्यानंतर वाडीतली घरं द्राक्षाच्या छाटणीला निफाडकडे निघाली. आधी तरणी माणसंच जायची. त्या साली घरंच्या घरं निघाली, कारण घरात थांबून खायला काही नव्हतं. आत्या स्वतः माळ चढून वाडीवर गेली. धापा टाकत गेली आणि सोमाबाबांच्या अंगणात उभी राहून ओरडली, "पोरीला माझ्याकडं ठेव. मार्चात परीक्षा हाय. मी खायला घालते." सोमाबाबा म्हणाले, "आत्याबाई, हिची आई आजारी हाय. मुकादम घरटी दोन माणसं असली तरच टोळीत घेतो. हौसा नाय आली तर मला बी घेत नाय." आत्या तिथे पायरीवर बसून रडली. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. मग उठली आणि खाली उतरेपर्यंत सगळ्या वाटेनं मामांना शिव्या देत होती.

ती माणसं निघाली त्या सकाळी मी स्टँडवर गेले होते. बोचकी, कोंबड्या, पोरं, आणि मध्ये हौसा, तेच माझं निळं परकर-पोलकं घालून. सरही आले होते. त्यांनी हौसाला आपला कवितासंग्रह दिला, आत लिहिलं होतं, 'निसर्गकन्या हौसा हिला'. तिच्या डोक्यावर हात ठेवला. खरं प्रेम होतं त्यात, मी शपथेवर सांगते. गाडी सुटली. सर बराच वेळ धुळीकडे बघत उभे राहिले, मग मला म्हणाले, "बघ सुमनताई, पाखरं निघाली. दाण्यापाण्याच्या शोधात. परत येतील ती."

मी म्हणाले, "सर, पाखरांची दहावीची परीक्षा नसते."

एवढंच. आयुष्यात मी याहून पुष्कळ मोठी भाषणं केली, पण मला बोललेलं एवढंच आठवतं. सर दचकले. मग हळूच म्हणाले, "रागावलीस. राग माणसाला करुणेपासून लांब नेतो, ताई." आणि ते शाळेकडे चालायला लागले. पहिला तास त्यांचाच होता. 'पाखरे निघाली' ही कविता पुढच्या संग्रहात आहे. तिला पारितोषिक मिळालं.

वर्षभरात सरांची बदली झाली आणि मग ते मोठे होत गेले. मामांचे ऐन न तोडल्यामुळे सरळ, उंच वाढले. इतके छान वाढले की दोन-चार पावसाळ्यांनंतर एक लाकडाचा व्यापारी माळ बघायला आला. मामांनी त्याला माळ विकला, मुळासकट. आता तिथे टेकडीला कुंपण आहे आणि आत बंगल्यांचे प्लॉट. सरांना मी पत्रानं कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, फार सुंदर अक्षरात, की माणसाच्या लोभापुढे कवी हतबल असतो.

स्मरणिकेचा लेख परत आल्यावर मी निफाडला भावाकडे गेले. छाटणीचे दिवस होते. भावाच्या शेजारच्या बागेत हौसाची टोळी येते. आता मुकादम तिचा मुलगा आहे. ती म्हातारी झाली तरी हात सोडून बसत नाही. मी बांधावरून हाक मारली तर म्हणाली, "ये सुमे, हितंच ये, काम थांबायचं नाय." मी वेलींच्या ओळीत तिच्या मागे मागे चालत राहिले. कात्री काडीला लावायची, कट, पुढची काडी, कट. बरं चाललंय, सून चांगली आहे, नात इगतपुरीत कॉलेजला आहे, असं सगळं सांगून झालं. मग मी उद्यानाचं सांगितलं, सिमेंटच्या झाडाचं सांगितलं.

"आन् पाणी नळाचं?" तिनं विचारलं.

"नळाचं."

ती हसली, आणि हसता हसता कात्री न थांबवता म्हणायला लागली. हात छाटिले तुझे तरीही. कट. मूक उभा तू रानी. कट. एकही शब्द चुकला नाही. आवाज जाड झालाय, खरखरीत झालाय, पण 'उरीचे' वर तो तसाच खाली आला, रडका न होता. पलीकडच्या ओळीतल्या बायका काम थांबवून ऐकायला लागल्या. तिनं नुकत्याच छाटलेल्या काडीच्या टोकातून पाणी येत होतं, थेंब थेंब, जसं छाटणीनंतर वेलीला येतंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला माझाच इतका संताप आला की मी तोंड फिरवलं.

सगळी कविता संपल्यावर हौसानं कपाळावरचा घाम पुसला.

"लय ग्वाड हाय गं," ती म्हणाली. "अजून बी ग्वाडच लागती. त्याचाच तर राग येतो."

आणि ती पुढच्या वेलीकडे सरकली.